आतून कडी नसलेली खोली

हॉस्टेलच्या यादीत माझा नंबर लागला नाही, हे मला तवसाळहून जयगडला जाणाऱ्या फेरीबोटीवर कळलं. खाडीच्या मध्यावर मोबाईलला रेंज आली आणि यादीचा फोटो उघडला. मी वरून खाली वाचली, मग खालून वर. शेजारी आई तांदळाच्या पिशवीवर हात ठेवून उभी होती.

"नाही ना आलं?" तिने विचारलं.

"वेटिंगवर आहे."

"म्हणजे नाही," आई म्हणाली आणि पाण्याकडे बघत राहिली.

हेदवीच्या अलीकडे आमचं गाव. रत्नागिरीला कॉलेजात प्रवेश मिळाला होता, फी भरून झाली होती आणि सोमवारपासून वर्ग सुरू होणार होते. बाबा मुंबईला नोकरीला, त्यामुळे घरातले निर्णय आईच घ्यायची. परत फिरायचा प्रश्न तिने काढलाच नाही. जयगडला उतरून आम्ही एसटी धरली.

हॉस्टेलच्या ऑफिसातल्या माणसाने संगणकावर माझा अर्ज काढून दाखवला. सगळे दाखले जोडलेले होते, कशातच चूक नव्हती. "कुणी मुलगी सोडून गेली तर तुम्हाला कळवू," तो म्हणाला.

"कधीपर्यंत?" आईने विचारलं.

"ते जाणारीवर आहे, मावशी."

मग खोली शोधणं सुरू झालं. मारुती मंदिरापासून नाचण्यापर्यंत आम्ही पायी फिरलो. कुठे आधी आडनाव विचारत आणि मग खोली कालच दिली असं सांगत. कुठे मासे चालणार नाहीत. एका ठिकाणी सगळं जमलं होतं, पण मालकांनी मुलीचे वडील समक्ष आल्याशिवाय बोलायचं नाही असं सांगितलं. आईने त्यांना "मी समक्ष आहे ना" म्हटलं, तर ते नुसते हसले.

दुपारी कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मला काचेवर चिकटवलेला एक कागद दिसला. हाताने लिहिलेला. 'खोली देणे आहे. फक्त एका मुलीसाठी. घरगुती वातावरण.' मी नंबर टिपून घेत होते तेव्हा दुकानदार म्हणाला, "म्हातारी माणसं आहेत. चांगली आहेत. पण हा कागद काही माझ्या काचेवरून निघत नाही. पोरी टिकत नाहीत तिकडे."

"का?" आईने विचारलं.

त्याने खांदे उडवले. "आताच्या मुलींना वायफाय लागतं."

मांडवीकडे उतरणाऱ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची एक पाखाडी आहे. तिच्या टोकाला ते घर होतं. कौलारू, मागे नारळी-पोफळींचं आगर, भोवती चिऱ्याचा गडगा. शेजारचं घर कुलूपबंद होतं आणि त्याच्या शेजारचंही. मुंबईवाल्यांची घरं, मे महिन्यात उघडणारी.

घरमालकीण काकूंनी आम्हाला ओटीवर बसवलं. बारीक बांध्याची, सत्तरीकडे झुकलेली बाई. बोलताना त्या सारख्या आतल्या दाराकडे बघायच्या. त्यांनी मला आडनाव विचारलं नाही, मासे खातेस का विचारलं नाही. त्यांचे प्रश्न वेगळेच होते.

"दमाबिमा नाही ना तुला?"

"नाही."

"गावाला किती वेळा जाशील?"

"गणपतीला. दिवाळीला."

"शनिवार-रविवार इथेच ना?"

"हो."

"संध्याकाळी क्लास वगैरे?"

"नाही. अंधार पडायच्या आत घरी."

त्या मोकळ्या झाल्यासारख्या हसल्या. "मग माझी काही हरकत नाही. घाबरट नाहीस ना गो?"

आई म्हणाली, "आमच्याकडे रानातनं एकटी येते ती. कशाला घाबरेल?"

"तसं नव्हे," काकू म्हणाल्या. पण कसं, ते त्यांनी सांगितलं नाही.

तेवढ्यात काका बाहेर आले. उंच माणूस, वयाने वाकलेला नव्हता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि घरात असूनही पायात पॉलिश केलेले बूट. काकूंनी सांगितलं की हे बोटीवर होते, इंजिनात. सगळी उमर समुद्रावर गेली. काकांनी आम्हाला नमस्कार केला आणि दारातच उभे राहून उजव्या हाताचं बोट हलवलं. आईकडे, माझ्याकडे, काकूंकडे, मग स्वतःच्या छातीकडे. समाधान झाल्यासारखी मान हलवली आणि आत गेले.

भाडं इतकं कमी सांगितलं की आई गप्प झाली. घासाघीस करायला आलेल्या माणसाला ते बरं वाटत नाही.

खोली घराच्या मागच्या अंगाला होती. खाट, टेबल, भिंतीतलं कपाट, आगराकडे उघडणारी गजांची खिडकी. आईने दार लावून बघितलं. आतल्या बाजूला कडी नव्हती, चार भोकं होती फक्त. बाहेरून मात्र नवीकोरी जाड कडी होती.

"आतली गंजली, म्हणून काढली," काकू म्हणाल्या. "सुतार आला की बसवून घेऊ."

दाराची खालची फळीही नवी होती. बाकी दार जुन्या सागवानाचं, काळं पडलेलं, आणि ती एकच फळी पिवळी. मला वाटलं, वाळवी लागली असेल.

आई संध्याकाळच्या गाडीने गेली. पाखाडीच्या पायऱ्या चढता चढता ती एकदा थांबली. ती परत येईल असं मला वाटलं. पण तिने फक्त पदर खोचला आणि वर गेली.

सुतार आला नाही. पहिले काही दिवस मी दाराला आतून खुर्ची लावून झोपले, मग सवय झाली. काका कधीच दारात आले नाहीत, कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. उलट त्यांच्याइतका सभ्य माणूस मी पाहिला नव्हता. मी कॉलेजातून आले की विचारायचे, "ड्युटी संपली?" मी हो म्हणायचे. "कुठल्या वॉचला होतीस?" मी म्हणायचे, सकाळच्या. मला ती थट्टा वाटायची, आणि मला ती आवडायचीही.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली.

दिवेलागणीच्या आधी काका सगळ्या घरातून एक फेरी मारत. खिडक्या लावत, प्रत्येक दार ओढून बघत. एकदा मी घरी आले तर माझ्या खिडकीच्या झडपा बंद, आणि त्यांच्या फटीत जुन्या कापडाच्या चिंध्या घट्ट कोंबलेल्या. बोटाने निघेनात, इतक्या घट्ट. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "डास येतात ना." मी कात्रीच्या टोकाने चिंध्या काढल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत होत्या.

त्या घरात देवापुढे समई असायची, पण उदबत्ती कधी लागायची नाही. गणपतीतसुद्धा नाही लागली, असं काकूंच्याच तोंडून आलं. मासे तळायचे ते काका आंघोळीला गेले की, स्वयंपाकघराचं दार लावून, पंखा मोठा करून. एकदा फोडणी जरा करपली तर काकूंनी पातेलं तसंच उचलून परसात नेलं आणि त्यावर पाणी ओतलं. परत आल्या आणि पदराने स्वयंपाकघरातला वास बाहेर हाकलत राहिल्या.

"काय झालं?"

"काही नाही गो. ह्यांना ठसका लागतो."

मी हॉस्टेलच्या ऑफिसात एक चक्कर मारून आले. तो माणूस मला ओळखायला लागला होता. त्याने मान हलवली फक्त.

एका दुपारी काकू बाजारात गेल्या होत्या आणि मी ओटीवर वाचत बसले होते. काका समोरच्या आरामखुर्चीत होते. त्यांनी अचानक विचारलं, "इंजिनात आग लागली तर काय करशील?"

"पाणी मारेन."

"चूक." ते पुढे झुकले. आवाज एकदम तरुण झाला. "दारं लावायची. सगळी. फट ठेवायची नाही. आणि मग आत गॅस सोडायचा. हवा नाही तर आग नाही. पाण्याने बोट बुडते."

"आणि आत माणूस असला तर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला विचारायला नको होतं असं काहीतरी मी विचारलं, हे मला कळलं, पण काय ते कळेना.

"म्हणून आधी गणती करायची," ते हळू म्हणाले. "गणती करतात ना. माणसं वर आली की नाही ते बघतात. मग ऑर्डर होते. ऑर्डर झाली की कडी घालणाऱ्याने विचारायचं नसतं."

"तुम्ही होतात का कडी घालणारे?"

फाटक वाजलं. काकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काय ऐकलं कोण जाणे. "चला, औषधाची वेळ झाली," त्या म्हणाल्या. काका उठले. जाता जाता त्यांनी बोट हलवलं, माझ्याकडे, काकूंकडे, स्वतःकडे.

त्या दिवसापासून काकू मला एकटीला सोडत नव्हत्या की स्वतः एकट्या राहत नव्हत्या, हे मला सांगता येणार नाही. संध्याकाळ झाली की काकू काहीतरी निमित्त काढून माझ्या खोलीत येऊन बसायच्या. तांदूळ निवडायच्या, मोबाईलवर काहीतरी दाखवायच्या. मी कॉलेजातून यायला उशीर केला तर त्या पाखाडीच्या वरच्या टोकाला उभ्या दिसायच्या. मला वाटायचं, माझी काळजी करतात. आईला मी फोनवर तसंच सांगितलं.

नवरात्र आलं. पाऊस ओसरला होता आणि आगरात डासांचं नुसतं मोहोळ. त्या संध्याकाळी देवळातल्या बायका काकूंना आरतीला बोलवायला आल्या. काकू नको नको म्हणत होत्या. त्यातली एक म्हणाली, "दरवर्षी नाहीच म्हणता. आता तर घरात पोर आहे की!" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आठवते. काहीतरी सांगायचं होतं आणि त्या बायकांसमोर सांगता येत नव्हतं.

"लगेच येते," त्या म्हणाल्या. "ह्यांना चहा दिलाय. तू अभ्यास कर."

त्या गेल्या आणि थोड्याच वेळात लाईट गेली. डासांचं मशीन बंद पडलं. पायांवर, मानेवर, बसवेना. आमच्याकडे गावाला अशा वेळी काय करतात ते मी केलं. परसात नारळाची सोडणं, वरची काथ्याची सालं, पडलेली होती. एका फुटक्या घमेल्यात दोन-चार घातली, रॉकेल नव्हतं म्हणून जुना पेपर घालून पेटवली, ज्वाळा विझवून नुसता धूर केला आणि घमेलं खोलीत नेऊन खाटेखाली ठेवलं. सोडणं पावसाने ओली होती, धूर दाट झाला. पाच-दहा मिनिटं राहू दे, मग बाहेर काढते, असं म्हणून मी टेबलावरचा मोबाईल घ्यायला वळले.

तेव्हा माजघरातून बुटांचा आवाज आला. धावण्याचा. काकांना मी कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं. मी दारापर्यंत पोचायच्या आत दार धाडकन लागलं आणि बाहेरची कडी बसली.

"काका, मी आहे आत!"

 दाराखालच्या फटीतून कापडाचा बोळा आत सरकताना दिसला. मग त्याच्या शेजारी दुसरा. ते काम घाईत होत नव्हतं. नेमकेपणाने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होत होतं.

"काका! उघडा!"

मी बाटलीतलं पाणी घमेल्यात ओतलं. ते फसफसलं आणि धूर दुप्पट झाला. खिडकीकडे गेले. चिंध्या ओढून काढल्या, झडपा ढकलल्या, त्या हलल्या नाहीत. मोबाईलचा उजेड पाडला तेव्हा दिसलं, बाहेरून आडवी पट्टी ठोकलेली होती. ती कधी ठोकली कोण जाणे. त्या खिडकीशी झगडणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. फटीला तोंड लावून ओरडले. बाहेर आगर, त्यापलीकडे गडगा, त्यापलीकडे बंद घरं.

काकूंना फोन लावला. रिंग मला दाराच्या पलीकडून ऐकू आली. फोन घरातच होता, माजघरात. तो वाजत राहिला आणि काकांचे बूट त्याच्याजवळ जाऊन थांबले. मग रिंग बंद झाली.

मी दाराला लाथा मारल्या. खाली, त्या नव्या फळीवर. ती जाड होती, हलली नाही. आणि तिथे लाथ मारता मारता मला समजलं की ही फळी वाळवीने गेली नव्हती. माझ्याआधी कुणीतरी इथेच, अशाच, लाथा मारल्या होत्या. त्या वेळी फळी फुटली होती. म्हणून ही जाड बसवली.

डोळ्यांना काही दिसेना. मी जमिनीवर पालथी पडले, खाली हवा जरा बरी होती. खोकला थांबला की बोलायचं, असं ठरवलं. ओरडून उपयोग नव्हता. बाहेर उभा असलेला माणूस मला ओळखतच नव्हता. तो या घरात नव्हता, या गावात नव्हता.

"गणती चुकली!" मी म्हणाले.

दाराखाली सरकणारा बोळा थांबला.

"एक माणूस कमी आहे. परत मोजा."

"कोण बोलतंय?" तो आवाज काकांचा, पण कुणा वरच्या माणसापुढे उभा असल्यासारखा.

"परत मोजा," मी म्हणाले.

त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. माझ्या ओळखीचं एकही नव्हतं. एकेका नावानंतर थांबत होते, कुणी ओ देतंय का बघत होते. मग एका नावापाशी अडले. तेच नाव पुन्हा घेतलं. आणि पुन्हा.

"मुरुडचा," ते म्हणाले. "मुरुडचा वर नाही आला."

"तो आत आहे. दार उघडा."

"ऑर्डर झालीय."

"ऑर्डर बदलली."

मला कसं सुचलं ठाऊक नाही. किती वेळ गेला तेही ठाऊक नाही. मी तोंडावर ओढणी धरून फरशीला गाल लावला होता आणि मला आईच्या हातातली तांदळाची पिशवी दिसत होती. मग कडी सरकल्याचा आवाज आला. काकांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं, माजघरातून, ओटीवरून, थेट पुढच्या अंगणात, खळ्यात. अंगात एवढी ताकद कुठून आली त्यांच्या! मला तुळशीजवळ बसवून ते माझा चेहरा चाचपायला लागले, केस, हात, बोटं.

"भाजलास का रे?" ते विचारत होते. "कुठे भाजलास? बोल ना. मी विचारलं होतं त्यांना. मी विचारलं होतं रे, मोजलं का नीट म्हणून."

ते रडत होते. मी बोलू शकत नव्हते. मी मान हलवली फक्त, भाजले नाही म्हणून.

काकू आल्या तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा घरातून निघणाऱ्या धुराकडे, आणि मग पहिल्यांदा पाखाडीकडे पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून. आत गेल्या, घमेलं बाहेर आणून उपडं केलं. "मुरुडचा, मुरुडचा" असं पुटपुटणाऱ्या काकांना नेऊन खाटेवर झोपवलं. मला पाणी दिलं.

"कोणाला सांगू नको," त्या म्हणाल्या.

मला तेव्हा खरा राग आला. "माझ्याआधी मुली सोडून गेल्या ना? त्यांनाही कोंडलं होतं?"

"नाही गो. त्या नुसत्या खिडक्या नि बोळे बघून गेल्या."

"मग ती फळी कुणी फोडली?"

काकू पायरीवर बसल्या. 

"मी," त्या म्हणाल्या. "शेजारच्यांनी पालापाचोळा जाळला होता मे महिन्यात. मी तिथे कपडे ठेवत होते. सगळी दुपार आत होते मी. पाय फुटले पण फळी फोडली." त्यांनी साडी जराशी वर केली. घोट्याच्या वर पांढरट वण होता. "मुलाला कळलं तर तो ह्यांना कुठल्यातरी आश्रमात टाकेल. घर विकेल. आणि नाही सांगितलं तर मी एकटी ह्यांच्याबरोबर. मला ह्यांची भीती वाटते गो. इतकी वर्षं संसार केला आणि आता मला माझ्याच माणसाची भीती वाटते. घरात कोणीतरी असावं, एवढंच वाटत होतं."

"म्हणून मला ठेवलंत."

त्यांनी नाही म्हटलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, "काय म्हणत होते ते? मुरुडचा कोण?"

मी सांगितलं. जेवढं ऐकलं होतं तेवढं. काकूंना त्यातलं काही माहीत नव्हतं. बोटीवर एकदा आग लागली होती एवढंच त्यांना लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं, आणि ते सांगताना काका हसले होते म्हणे.

त्या रात्री मी वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी आई आली. मी तिला फोनवर फक्त "ये" म्हटलं होतं. सगळं ऐकल्यावर ती मला घेऊन परत त्या घरी गेली. मला वाटलं, भांडेल. ती काकूंच्या समोर बसली आणि म्हणाली, "मुलाला तुम्ही फोन करता की मी करू?"

"तुम्हाला नाही कळायचं," काकू म्हणाल्या.

"मला कळतं. माझी पोर होती त्या खोलीत, म्हणून मला कळतं. उद्या दुसऱ्या कुणाची असेल. नाहीतर तुम्हीच."

काकूंनी नंबर लावून फोन आईच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. आईने त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं. धूर, कडी, फळी, काहीच वगळलं नाही. तो मधे मधे "हो, हो" म्हणत होता. आम्ही निघालो तेव्हा काका ओटीवर होते. त्यांनी मला ओळखलं. "ड्युटीला निघालीस?" म्हणाले. मी हो म्हटलं. मग त्यांनी बोट हलवलं. या वेळी मी थांबून पाहिलं. माझ्यानंतर, आईनंतर, काकूंनंतर, स्वतःनंतर, त्यांनी आणखी एकदा बोट हलवलं. जिथे कुणीच नव्हतं तिथे.

झेरॉक्सच्या काचेवरचा कागद मी स्वतः ओढून काढला.

मुलगा आला आणि दोघांना मुंबईला घेऊन गेला. घर बंद झालं. दिवाळीनंतर हॉस्टेलच्या ऑफिसातून फोन आला. एक मुलगी प्रवेश रद्द करून गेली होती. मला खाट मिळाली, खिडकीजवळची, आणि मी ती आनंदाने घेतली. बरेच महिने कुणी उदबत्ती लावली की मी उठून व्हरांड्यात जायचे. खोलीतल्या मुलींना मी कारण सांगून टाकलं होतं, त्यामुळे त्या हसत नव्हत्या.

काकूंचा फोन अधूनमधून येतो. त्या दुपारी करतात, जेवणं झाली की. परीक्षा कशी गेली विचारतात. मुलगा चांगल्या डॉक्टरकडे घेऊन जातो, गोळ्या चालू आहेत, हे शांत असतात, बाल्कनीतून खाली गाड्या बघत बसतात. परवा म्हणाल्या, "सूनबाईला बाळ झालं. आता घर भरलं."

"काका कसे आहेत?"

"बाळाला घेऊन बसतात तासन्‌तास. खाली ठेवत नाहीत." मग त्या म्हणाल्या, "सूनबाईंची आई आली होती. बाळाला धुरी द्यायची म्हणत होती, शेक-शेगडीची. मी काहीतरी कारण सांगून थांबवलं."

"काकू," मी म्हणाले, "सूनबाईंना का नको ते सांगितलंत ना?"

फोनवर पंख्याचा आवाज येत राहिला.

"सांगेन गो. बाळंतिणीला लगेच कसं सांगायचं? घाबरेल ती."

"पण तुमच्या मुलाने सांगितलं असेल."

"त्यानेही नाही," त्या म्हणाल्या. "आता बरे आहेत ना हे. कशाला उगाच."

मी फोन ठेवला. मुलाचा नंबर आईने त्या दिवशीच उतरवून घेतला होता, तो तिच्याकडून घेतला. तो लावला तर दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. बाईचा आवाज होता, थकलेला. ते आंघोळीला गेलेत म्हणाली. मागे बाळ रडत होतं आणि कुणीतरी बुटांच्या जड पावलांनी येरझारा घालत त्याला थोपटत होतं.

"तुमच्याशीच बोलायचं आहे," मी म्हणाले.

मी सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही मला थांबवलं नाही.  तोवर बाळाचं रडणं थांबलं होतं, आणि ती जड पावलंही.

मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही कोण बोलताय?"

मी काय सांगायचं याचा विचार करत होते, तेवढ्यात तिने फोन चालूच ठेवून खाली टाकल्याचा आवाज आला आणि तिची पावलं आतल्या खोलीकडे धावत गेलेली मला ऐकू आली.